हाचिरोकु : एका स्वस्त मोटारीचे पाठभेद

वस्तूंचा इतिहास लिहिण्याची आपली रीत बहुधा निर्मात्यांच्या बाजूची असते. शोध कोणी लावला, कारखाना कोणी काढला, पहिला नग केव्हा बाहेर पडला, एवढे नोंदले की इतिहास पुरा झाला असे आपण मानतो. ती वस्तू दुसऱ्या-तिसऱ्या हाती गेल्यावर तिचे काय झाले, हे सहसा कोणी लिहीत नाही. साहित्याच्या अभ्यासकांना हा पक्षपात ओळखीचा वाटावा; लेखकावर ग्रंथच्या ग्रंथ निघतात आणि वाचकाच्या वाट्याला एखादे प्रकरण येते. प्रस्तुत लेखात आम्ही एका जपानी मोटारीचा इतिहास तिच्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकांच्या बाजूने मांडून पाहणार आहोत. ही मोटार म्हणजे टोयोटा कंपनीची कोरोला, आणि तिच्यातही १९८३ ते १९८७ या काळात निघालेली 'एई८६' या सांकेतिक क्रमांकाची आवृत्ती. जपानमध्ये तिला नुसते 'हाचिरोकु' म्हणतात. 'हाचि' म्हणजे आठ आणि 'रोकु' म्हणजे सहा.

मुळात कोरोला ही सामान्य माणसाची गाडी. १९५५ साली जपानच्या व्यापार व उद्योग मंत्रालयात स्वस्त 'राष्ट्रीय मोटारी'ची कल्पना निघाली होती. योजना म्हणून ती तडीस गेली नाही, पण विचार म्हणून ती रुजली. १९६६ च्या एप्रिलमध्ये निसान कंपनीने ९८८ सीसीची सनी आणली. त्याच वर्षी शरद ऋतूत टोयोटाने १०७७ सीसीची कोरोला आणली आणि शंभर सीसी अधिक असल्याचा जाहिरातींतून गाजावाजा केला. जपानी लोक त्या वर्षाला 'माय-कार गान्नेन' म्हणतात. 'गान्नेन' हा शब्द सम्राटाच्या शकाच्या पहिल्या वर्षासाठी वापरला जाणारा, आणि 'माय-कार' हा इंग्रजी शब्दांतून जपान्यांनी स्वतःच घडवलेला. राजशकाचा शब्द मध्यमवर्गीयाच्या दारातल्या मोटारीला लावला गेला, यात त्या काळाचे पुष्कळसे मर्म आले. त्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. १९७० या एका वर्षात जपानच्या रस्त्यांवर १६,७६५ माणसे दगावली, आणि 'वाहतूक-युद्ध' हा शब्दप्रयोग तिथल्या वर्तमानपत्रांत रूढ झाला होता.

१९८३ च्या मे महिन्यात कोरोलाची पाचवी पिढी बाजारात आली, तेव्हा मोटारींच्या रचनेत एक मोठे स्थित्यंतर चालू होते. पूर्वी इंजिन पुढे आणि त्याची ताकद मागच्या चाकांना, अशी मांडणी सर्रास असे. आता ताकद पुढच्याच चाकांना देण्याची पद्धत आली होती. तिच्यामुळे आत बसायला जागा अधिक मिळते आणि गाडीचे वजन घटते, म्हणजे काटकसरीच्या दृष्टीने ती सरसच. नव्या कोरोलाच्या घरगुती आवृत्त्यांनी ती स्वीकारली. मात्र लेव्हिन आणि ट्रुएनो या दोन जुळ्या क्रीडा-आवृत्त्यांना कंपनीने मागच्या पिढीचाच, मागची चाके फिरवणारा सांगाडा ठेवला. दोघींत ठळक फरक दिव्यांचा : लेव्हिनचे स्थिर, ट्रुएनोचे मिटणारे-उघडणारे. या जुन्या सांगाड्यावर इंजिन मात्र अगदी नवे बसवले होते. ते १५८७ सीसीचे, सोळा झडपांचे, दोन कॅमशाफ्टचे होते आणि यामाहा कंपनीच्या सहकार्याने सिद्ध झाले होते. तेव्हाच्या मोजणीप्रमाणे त्याची ताकद १३० अश्वशक्ती, आणि गाडीचे वजन हजार किलोंच्या आत. नवे इंजिन आणि जुना सांगाडा यांचा हा संयोग म्हणजे दोन युगांच्या सांध्यावरचा एक योगायोग होता. १९८७ साली पुढची पिढी आली आणि लेव्हिन-ट्रुएनोही पुढची चाके फिरवू लागल्या. त्या वर्षी हाचिरोकु जुनी झाली, आणि पुढे कंपनीने तशी दुसरी काढली नाही म्हणून दुर्मिळ होण्याच्या वाटेलाही लागली.

मागच्या चाकांचे एवढे कौतुक कशासाठी, हे कळायला घाटात जावे लागते. जपानी भाषेत घाटाला 'तोगे' म्हणतात. त्याचे चित्राक्षर चीनमधून आलेले नाही. ते जपान्यांनी स्वतः तयार केलेले आहे : डोंगराचे चिन्ह, आणि शेजारी 'वर' व 'खाली' यांची चिन्हे एकावर एक. या चढउतारांवर रात्रीच्या वेळी गाड्या हाकणाऱ्या तरुणांना 'हाशिरिया' हे नाव पडले. मागची चाके मुद्दाम घसरू देऊन, गाडी तिरपी करून वळण घेण्याची जी रीत पुढे 'ड्रिफ्ट' म्हणून जगभर गेली, ती याच घाटांत वाढली. तिचे बीज शर्यतीच्या मैदानावरचे. १९६१ साली मोटारसायकलची जागतिक ग्राँ प्री शर्यत जिंकणारे पहिले जपानी कुनिमित्सु ताकाहाशी पुढे मोटारींच्या शर्यतींत उतरले आणि सत्तरच्या दशकात वळणांवर गाडी अशी तिरपी नेऊ लागले. त्यांचे अनुकरण करणाऱ्यांत घाटात शिकलेला केइची त्सुचिया हा चालक होता. १९८७ मध्ये त्याच्या घाटातल्या हाचिरोकुची एक व्हिडिओफीत निघाली, आणि कंपनीने ज्या गाडीकडे पाठ फिरवली होती तिच्याकडे तरुणांचे लक्ष वेधले गेले.

पण केवळ कौतुकाने गाडी विकत घेता येत नाही. तिची किंमत पडावी लागते. ती पाडण्याचे काम कायद्याने केले. १९५१ च्या कायद्याप्रमाणे जपानमध्ये मोटारीची ठराविक मुदतीने सरकारी तपासणी होते; तिला 'शाकेन' म्हणतात. नव्या गाडीला तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी ही तपासणी असते. १९९५ पर्यंत मात्र दहा वर्षांहून जुन्या गाडीला ती दरवर्षी करावी लागे. तपासणीचा खर्च, त्यासाठीच्या दुरुस्त्या, कर आणि विमा यांचा हिशेब केला की जुनी गाडी बाळगणे संसारी माणसाला परवडेनासे होई. साहजिकच चांगल्या चालत्या गाड्याही लोक काढून टाकत. १९८३ ची हाचिरोकु १९९३ मध्ये या फेऱ्यात सापडली. त्याआधी दोनच वर्षे जपानच्या भरभराटीचा फुगा फुटला होता, आणि हाती थोडे पैसे असलेला तरुण अशाच टाकून दिलेल्या गाड्यांच्या शोधात होता.

ती विकत घेतल्यावर तो काय करी? प्रथम पत्रा पाही. चाकांच्या कमानी आणि दाराखालचे काठ गंजले आहेत का, हे आधी पाहणे आवश्यक. इंजिन बदलता येते, कुजलेला सांगाडा बदलता येत नाही. मग मागची आसने निघत, गालिचे निघत, वजन उतरे. आखूड आणि ताठ स्प्रिंगा येत, कडक शॉक अब्सॉर्बर येत. सर्वांत महत्त्वाची गोष्ट मागच्या डिफरन्शियलची. वळणावर आतले चाक हळू आणि बाहेरचे जलद फिरावे म्हणून ही दातेरी चाकांची योजना असते. तिरपे जाण्यासाठी मात्र दोन्ही चाके एकदमच फिरायला हवीत. ज्याच्याकडे पैसे असत तो त्यासाठी खास बनावटीचा भाग बसवी. ज्याच्याकडे नसत तो आतली दातेरी चाके सरळ वेल्डिंगने जोडून टाकी. मग साध्या वळणावरही टायर कुरकुरत आणि झिजत, पण गाडी हवी तशी घसरे. पुढे १९९१ च्या कोरोलाचे वीस झडपांचे इंजिन आडव्याचे उभे करून हाचिरोकुत बसवण्याचाही परिपाठ पडला. कंपनीने त्या इंजिनाचा आणि या सांगाड्याचा मेळ कधी योजला नव्हता. तो जुळवला गॅरेजांनी आणि मालकांनी.

येथे एका शब्दाची हकिगत सांगितली पाहिजे. गाडीत असे फेरफार करण्याला जपानीत 'काइझो' म्हणतात. साहित्याच्या अभ्यासकांना हा शब्द दुसऱ्या संदर्भात भेटतो. 'काइझो' हे १९१९ मध्ये सुरू झालेले एक वजनदार मासिक. नाओया शिगा यांच्यासारखे लेखक त्यात लिहीत, आणि १९२२ साली आइन्स्टाइन जपानला गेले ते त्याच्याच प्रकाशनसंस्थेच्या निमंत्रणावरून. तिथे 'काइझो'चा अर्थ समाजाची पुनर्रचना असा होता. १९५५ मध्ये ते मासिक बंद पडले. सत्तर-ऐंशीच्या दशकांत 'काइझो' गाडी म्हटले की पोलिसांनी अडवण्याजोगी, गुंडगिरीचा वास असलेली गाडी डोळ्यांपुढे येई. १९९५ च्या नोव्हेंबरमध्ये सरकारने नियम सैल केले आणि कित्येक सुटे भाग वेगळ्या परवानगीशिवाय बसवण्याची मुभा दिली. एका शब्दाने समाजसुधारणेपासून संशयापर्यंत आणि तिथून सरकारी मान्यतेपर्यंत प्रवास केला, तोही एका शतकाच्या आत.

त्याच १९९५ साली शुइची शिगेनो यांची 'इनिशियल डी' ही चित्रकथा एका साप्ताहिकात सुरू झाली. ती २०१३ पर्यंत चालली आणि तिचे ४८ खंड झाले. तिचा नायक ताकुमी हा बापाच्या दुकानातला तोफू पहाटे पोहोचवणारा मुलगा, आणि त्याची गाडी म्हणजे कामाची, जुनी ट्रुएनो. नायकापेक्षा आम्हाला त्याचा मित्र इत्सुकी अधिक अभ्यसनीय वाटतो. पैसे साठवून तो मोठ्या हौसेने जुनी लेव्हिन विकत घेतो आणि मग कळते की ती 'शहाऐंशी' नसून 'पंच्याऐंशी' आहे. रूप तेच, पण इंजिन दीड हजार सीसीचे, एकाच कॅमशाफ्टचे. लोक हसतात. ताकुमी त्याच गाडीत बसून, त्या हसणाऱ्यांना घाटात मागे टाकतो. पुढे इत्सुकी तिच्यात आपल्या ऐपतीप्रमाणे सुधारणा करीत राहतो. स्वस्त आणि जुनी वस्तू घेणाऱ्याची फसगत, त्याची लाज आणि हळूहळू वाढणारी माया यांचे इतके सच्चे चित्रण गंभीर म्हणवणाऱ्या वाङ्मयातही विरळा.

पण कथेत रस्ता रिकामा असतो आणि खऱ्या घाटात समोरून कोणी येत असते. हाचिरोकुच्या गौरवगाथा वाचताना हे विसरले जाते. १९९२ साली जपानमधल्या रस्त्यांवरच्या मृत्यूंची संख्या पुन्हा ११,४५१ वर गेली होती. ते सारे मृत्यू काही घाटातल्या तरुणांमुळे झाले नव्हते; तरीही सार्वजनिक रस्ता हे आपले मैदान आहे, असे मानणाऱ्या संस्कृतीला या आकड्याशेजारी उभे करूनच पाहिले पाहिजे. वस्तूवर वापरणाऱ्याचा हक्क असतो, हे आमचे म्हणणे आहे. रस्ता मात्र त्या एकट्याचा नसतो. २००० च्या सुमारास ड्रिफ्टच्या अधिकृत स्पर्धा बंदिस्त मैदानांवर सुरू झाल्या, त्यांच्या उभारणीत त्सुचियाचा हात होता, ही या इतिहासातली एक समंजस घटना म्हणावी लागेल.

यापुढचा भाग विरोधाभासाचा आहे. चित्रकथेची कीर्ती पसरली तशी हाचिरोकुची किंमतही चढली. ज्या गाडीचा गुण स्वस्तपणा हा होता, ती संग्राहकांची झाली, आणि ज्या तरुणांनी तिला नाव मिळवून दिले त्यांच्यासारख्यांच्या आवाक्याबाहेर गेली. २०१२ साली टोयोटाने सुबारूच्या साहाय्याने मागची चाके फिरवणारी नवी गाडी काढली आणि तिला '८६' हेच नाव दिले. म्हणजे टोपणनाव लोकांनी ठेवले आणि कारखान्याने ते बारशाला उचलले. २०२१ मध्ये कंपनीने जुन्या हाचिरोकुचे काही सुटे भाग पुन्हा बनवायचे जाहीर केले. २०२३ च्या तोक्यो ऑटो सलॉनमध्ये तर तिने दोन जुन्या हाचिरोकु मांडल्या : एक हायड्रोजन जाळणारी, एक विजेवर चालणारी. 'काइझो' आता कंपनीच करीत होती.

भारतातल्या वाचकाला येथे दुसरे १९८३ आठवेल. त्याच वर्षी १४ डिसेंबरला सुझुकीच्या आल्टोवर बेतलेली मारुती ८०० आपल्या रस्त्यांवर आली आणि २०१४ पर्यंत बनत राहिली. आपल्या मध्यमवर्गाची 'माय-कार' तीच. फेरफारांबाबत मात्र आपला कायदा वेगळ्या दिशेने गेला. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचा अर्थ लावताना, निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येणार नाहीत असे म्हटले. सुरक्षिततेची काळजी त्यामागे आहे आणि ती रास्त आहे. पण 'मूळ' या शब्दावर किती भार पडला आहे, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे.

कारण हा प्रश्न आपल्या परिचयाचा आहे. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती पाठांत भर घालणारे पुष्कळ झाले म्हणून. ग्रंथाच्या बाबतीत आपण एकनाथांच्या बाजूचे असतो, आणि असावेही. हाचिरोकुच्या बाबतीत मात्र मूळ संहितेपेक्षा प्रक्षेपांनीच तिला जिवंत ठेवले. आज एखादा संग्राहक तिच्यातले सगळे फेरफार काढून ती कारखान्यातून निघाली तशी करू पाहतो, तेव्हा तो १९८३ सालची गाडी परत मिळवतो; पण तिच्याकडे कोणी का वळावे, याचे कारण तो पुसून टाकतो. वेल्डिंग केलेले डिफरन्शियल, काढलेली आसने, आडव्याचे उभे केलेले इंजिन हे त्या गाडीच्या वाचकांचे समासातले लेखन आहे. ते कुठे जपायचे आणि कुठे पुसायचे, याचा निवाडा करायचा तर आधी ते वाचता आले पाहिजे. आपल्याकडची स्वस्त जुनी वाहने भंगारात जाण्यापूर्वी त्यांचे असे वाचन कोणी केले आहे काय?