बिदरी : काळ्या भूमीवरील रुपेरी रेषा

दख्खनच्या हस्तकलांमध्ये बिदरीकामाचे स्थान अनन्यसाधारण आहे. बहमनी सुलतान अहमदशहाने पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला हलविली. इराणातून आलेल्या कारागिरांनी ही कला तेथे रुजविली, अशी परंपरा सांगते. हुक्क्याचे बूड, पानदान, सुरई, तबक अशा वस्तूंवर ती बहरली. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनातही बिदरी वस्तू मांडल्या गेल्या होत्या.

या कलेचे मर्म धातूवरील कोरीवकाम व त्यानंतरच्या संस्कारांत आहे. साधारणतः सोळा भाग जस्त व एक भाग तांबे यांच्या मिश्रणातून वस्तू ओततात. कानशीने घासून तिच्यावर मोरचुदाचे द्रावण लावले, की पृष्ठभाग तात्पुरता काळवंडतो व नक्षीची रेखा स्पष्ट दिसते. मग छिन्नीने खोबणी कोरून त्यांत चांदीची तार किंवा पत्रा हलक्या हाताने ठोकून बसवितात. तारेच्या कामास तारकशी म्हणतात.

शेवटची पायरी सर्वांत विस्मयकारक होय. वस्तू गरम करून तिच्यावर नवसागर आणि बिदरच्या किल्ल्यातील माती यांचा लेप चोळतात. ऊनपावसापासून वर्षानुवर्षे दूर राहिलेली माती त्यासाठी निवडली जाते. जाणते कारागीर ती जिभेवर ठेवून पारखतात. लेपाच्या क्रियेने पृष्ठभागावरील जस्त कमी होते, तांब्याचा अंश वाढतो व गडद काळी झाक येते. चांदी मात्र शुभ्रच राहते. शेवटी तेलाचा हात फिरवून वस्तू सिद्ध होते. हा काळा थर म्हणजे वर लावलेला रंग नव्हे; तो धातूतूनच प्रकटतो.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बिदर तत्कालीन म्हैसूर राज्यात, म्हणजेच आजच्या कर्नाटकात गेले. त्याच जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मराठी भाषिक प्रदेशास जोडले गेले. सीमा बदलल्या, तरी हा वारसा दोन्ही बाजूंचा आहे.

२००६ मध्ये बिदरीस भौगोलिक निर्देशांक लाभला. २०२३ मध्ये कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली. तथापि मानसन्मानाने चूल पेटत नाही. चांदी महागली, की कारागिराचे भांडवल अडकते आणि ग्राहक मात्र किंमत कमी करू पाहतो. हाताचे एकेक काम पूर्ण होण्यास दिवसच्या दिवस लागतात, हे ध्यानी घेऊन योग्य मोल देणे हीच या कलेची खरी सेवा होय. घरी बिदरी वस्तू असल्यास ती चिंच वा पॉलिशने घासू नये. मऊ कापडाने पुसावी. शतकांचा तो काळा रंग एका घासणीने उतरू शकतो.