लीख, ऊ आणि फणी

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात लांबी मोजायचं एक कोष्टक आहे. आठ परमाणू म्हणजे रथाच्या चाकाने उडवलेला एक कण, आठ कणांची एक लिक्षा, आठ लिक्षांची एक यूका, आठ यूकांचा एक यवमध्य, आठ यवमध्यांचं एक अंगुल. लिक्षा म्हणजे आपली लीख आणि यूका म्हणजे ऊ! अंगुल साधारण १.९ सेंटिमीटरचं धरलं, तर यूका भरते ०.३ मिलिमीटर. खरी ऊ दोन-तीन मिलिमीटरची असते. (कोड लिहिणाऱ्याला कोष्टक दिसलं की गुणाकार केल्याशिवाय राहवत नाही.) हिशेब जुळत नाही, पण सगळ्यांच्या ओळखीची म्हणूनच ऊ तिथे जवाच्या शेजारी निवांत बसली आहे.

आज नरखेड तालुक्यातल्या एखाद्या वर्गात मुलीच्या डोक्यात ऊ दिसली, की तिच्याशेजारचं बाक रिकामं होतं. घरी वेणीवर कात्री येते. वास्तविक ऊ उडत नाही, उड्याही मारत नाही. डोक्याला डोकं टेकलं की चालत पलीकडे जाते, आणि रोज धुतलेल्या केसांतही तेवढीच सुखाने राहते.

उपायांचा इतिहास मात्र गमतीचा आहे. सीताफळाच्या बियांची पूड हा आपण फार प्राचीन समजतो तो उपाय. पण सीताफळ मूळचं अमेरिकेकडचं, पोर्तुगीजांच्या काळात इकडे आलं असं सहसा मानतात. ही पूड डोळ्यांत गेली तर बुबुळावरच्या पडद्याला इजा होते. मग आली डीडीटी. १९४३-४४ च्या हिवाळ्यात इटलीतल्या नेपल्समध्ये लाखो लोकांच्या कपड्यांत ही पावडर फवारून अंगावरच्या उवा आणि त्यांनी पसरवलेला टायफस आटोक्यात आणला. १९५१ मध्ये कोरियातल्या युद्धात त्याच जातीच्या उवा डीडीटीला दाद देईनाशा झाल्या. नंतरच्या परमेथ्रिनचंही अनेक देशांत तेच झालं.

आपल्याकडे कीटकनाशकालाही 'औषध'च म्हणतात, आणि घोळ तिथे होतो. नरखेड-काटोलचा पट्टा संत्र्याचा आणि कापसाचा. फवारणीची बाटली घरातच असते. ते 'औषध' पोराच्या डोक्याला कधीच लावू नका. यातली बरीच विषं कातडीतून आत जातात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, ते धडधाकट मोठे लोक होते.

उरते फणी. लीख सात ते दहा दिवसांत फुटते, म्हणून एकदा विंचरून भागत नाही. केस ओले करून, तेल लावून, दर तीन-चार दिवसांनी बारीक दातांची फणी मुळापासून टोकापर्यंत फिरवायची, निदान दोन आठवडे. घरातल्या सगळ्यांची डोकी एकदमच तपासायची.

इस्रायलमधल्या लाखीश इथे २०१६ मध्ये हस्तिदंताची एक फणी सापडली, सुमारे ३,७०० वर्षांपूर्वीची. एका बाजूला जाड दात, दुसऱ्या बाजूला बारीक. तिच्यावर केसांतल्या आणि दाढीतल्या उवा निघून जाव्यात अशा अर्थाचं वाक्य कोरलंय. वर्णमालेत लिहिलेलं आजवर सापडलेलं सर्वांत जुनं पूर्ण वाक्य ते हेच, असं संशोधक म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर दातांत उवेच्या पिल्लाचे अवशेष अजून अडकलेले होते.