धावेचा मूळपुरुष सोंगाड्या

मुलांच्या उपचारांसाठी किंवा रुग्णालयासाठी निधी जमवायला गोंदियात तीन किलोमीटरची धाव काढली, तरी फलकावर नाव मॅरेथॉनचंच असतं. मग भाषणात अथेन्सला धावत गेलेला ग्रीसचा निरोप्या येतो. हेरोडोटसचा फिडिपिडीस मात्र अथेन्सला नव्हे, मदत मागायला स्पार्टाला धावला होता. ही शर्यत 1896च्या ऑलिंपिकमध्ये आली ती मिशेल ब्रेआल यांच्या आग्रहामुळे. यात दानधर्म कुठे आहे? माझ्या मते या धावेचा मूळपुरुष धावपटू नव्हे, सोंगाड्या.

माझा साक्षीदार प्वेर्तो रिकोचा. रामोन रिवेरो ऊर्फ ‘दिप्लो’ हा तिथला लाडका विनोदी नट. 17 ऑक्टोबर 1953 रोजी तो कर्करोगाविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेच्या निधीसाठी सान हुआनहून पोन्सेकडे पायी निघाला. अंतर 80 मैल, जमलेली रक्कम 85 हजार डॉलर. जगातली पहिली ‘वॉकेथॉन’ म्हणून याच पायपिटीचं नाव घेतलं जातं.

त्याच्याही मागच्या काळात जावं तर तिथेही विनोदवीरच भेटतात. 1938 साली पोलिओग्रस्तांसाठी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना दहा-दहा सेंटची नाणी पाठवा, असं आवाहन रेडिओवरच्या एडी कँटरने केलं. ‘मार्च ऑफ डाइम्स’ हे नावही त्याचंच. त्याच पैशाच्या बळावर 1955 साली सॉल्कची पोलिओ लस आली. आणि ‘वॉकेथॉन’ हे नाव तर दिप्लोच्याही आधीचं. मंदीच्या काळात अमेरिकेत बक्षिसासाठी जोडपी आठवडेच्या आठवडे पाय ओढत नाचायची आणि लोक तिकीट काढून ते बघायचे, त्या खेळांना हे नाव होतं. तिथे निवेदन करायला कोण? रेड स्केल्टनसारखे विनोदी नट! म्हणजे एकाने श्रमायचं, दुसऱ्याने हसवायचं आणि पैसे बघ्यांनी मोजायचे, ही घडी आधीच बसलेली होती. तिला धर्मादाय वळण मिळणं एवढंच बाकी होतं.

ते मिळालं. 1970 साली मार्च ऑफ डाइम्सने निधीसाठी सॅन अँटोनियो आणि कोलंबसमध्ये माणसांनाच चालायला लावलं. दिप्लोपासून इथवरचा दुवा मी असा जोडतो: पन्नाशीच्या दशकात प्वेर्तो रिकोची माणसं लोंढ्याने न्यूयॉर्कला गेली, तेव्हा दिप्लोची गोष्टही त्यांच्यासोबत गेली असणार.

यावर कोणी म्हणेल, हे सगळं यात्रेतून आलं. सालेकसा तालुक्यातल्या कचारगडचं उदाहरण तर आयतंच आहे. माघ पौर्णिमेला गोंड भाविक जिथे चालत जातात, त्या गुहेत काली कंकालीची तेहतीस मुलं कोंडली होती आणि हिरासुका पाटालीरने शिळा हटवताना जीव दिला, अशी कथा आहे. पायपीट आहे, मुलंही आहेत. पण यात्रेत पुण्य चालणाऱ्याचं. बघणाऱ्याने खिशात हात घालावा असा दंडक नाही. धर्मादाय धाव बघ्याच्या खिशावरच उभी असते.

दुसरा प्रतिवाद जड आहे. 1980 साली कर्करोगाच्या निधीसाठी एका कृत्रिम पायावर 143 दिवसांत 5,373 किलोमीटर धावलेल्या कॅनडाच्या टेरी फॉक्सला सोंगाड्या कसं म्हणणार? नाहीच म्हणत. पण त्याच्या नावाने 1981पासून निघणारी धाव शर्यत नसते, तिथे कोणी पहिला येत नाही. मुंबई मॅरेथॉनमध्ये 2004पासूनची ‘ड्रीम रन’ही तशीच. तिथे तर लोक चक्क सोंगं घेऊन धावतात!

आणि आपल्याकडे? दिप्लो चालला त्याच काळात विदर्भाचे गाडगेबाबा गावोगाव पायी फिरत, कीर्तनात लोकांना पोट धरून हसवत आणि मिळालेल्या पैशातून धर्मशाळा उभ्या करत होते. जे. जे. रुग्णालयाजवळची त्यांची धर्मशाळा रुग्णांच्या नातेवाइकांसाठीच. झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडई भरते तेव्हा दंडार, खडी गंमत ही लोकनाट्यं होतातच. गोंदियाच्या संयोजकांनी पुढच्या धावेच्या अग्रभागी खडी गंमतीचा एक फड चालवून पाहावा. डबा किती भरतो ते कळेल.