अस्सल गाडी आणि तिचा वेग

मार्च १९६४च्या ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकात पाँटिअ‍ॅक जीटीओची चाचणी छापून आली. लाल रंगाच्या गाडीने ताशी साठ मैलांचा वेग ४.६ सेकंदांत गाठला, असे तीत म्हटले होते. अमेरिकन ‘मसल कार’चा इतिहास लिहिताना हा आकडा हमखास येतो. पण ती गाडी अस्सल नव्हती. पाँटिअ‍ॅकच्या जाहिरातींचे काम पाहणाऱ्या जिम वँगर्स यांनी १९९८च्या आपल्या पुस्तकात कबुली दिली, की तिच्यात ३८९ घनइंचांऐवजी ४२१ घनइंचांचे इंजिन बसवले होते. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात.

मी कोणी इंजिनिअर नव्हे. जुन्या पोथ्यांच्या नादाने या वाटेला लागलेला माणूस. पण प्रक्षिप्त ओवी सापडली की जे होते, तेच हे वाचून झाले. मग खरे काय, हे ठरवायचे कसे?

मिशिगनमधल्या स्टॅन्टनच्या पाव मैलाच्या पट्टीवर त्याचे एक उत्तर मिळते. तिथल्या ‘प्युअर स्टॉक’ शर्यतीत गाडी कारखान्यातून निघाली तशीच लागते. टायरसुद्धा त्या काळच्या मापाचे, अरुंद. साधारण सारख्या वेळेच्या गाड्यांच्या जोड्या लावतात. जाहिरातींतल्या बढाया तिथे उघड्या पडतात, आणि उलटही घडते. १९६८च्या मस्टँगचे ४२८ कोब्रा जेट इंजिन फोर्डने कागदावर ३३५ अश्वशक्तीचे दाखवले. प्रत्यक्षात ताकद त्याहून बरीच जास्त होती.

संग्राहकांचा आक्षेप मात्र पोकळ नाही. इंजिनच्या ठोकळ्यावर ठोकलेला क्रमांक गाडीशी जुळला, तरच ती त्यांच्या लेखी ‘मूळ प्रत’. ठोकळा एकदा फुटला की संपले. १९७१ची हेमी कुडा कन्व्हर्टिबल जेमतेम डझनभर बनली. तिच्यातली एक २०१४ साली सिअ‍ॅटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. अशी गाडी पट्टीवर न्यायची छाती कोणाची होईल?

आता १९६९ची कॅमॅरो झेडएल-१ घ्या. एकूण ६९ गाड्या, अ‍ॅल्युमिनियमचे ४२७ घनइंची इंजिन. इलिनॉयचे विक्रेते फ्रेड गिब यांनी शर्यतीच्या नियमांत बसावी म्हणून ५० मागवल्या. किंमत सात हजार डॉलरच्या वर गेली, गिऱ्हाईक मिळेना, आणि बऱ्याच गाड्या कंपनीला परत घ्याव्या लागल्या. म्हणजे जी धावली, तिचे इंजिन अनेकदा बदलले गेले. जी खपलीच नाही, ती कोरी राहिली आणि आज जास्त मोलाची ठरते. ज्या कामासाठी घडवली ते न केल्याबद्दलचे हे बक्षीस मला विचित्र वाटते.

१९७०चा हवाशुद्धीचा कायदा, विम्याचे चढे हप्ते आणि १९७३ची तेलटंचाई यांनी तो काळ संपवला. उरलेल्या गाड्यांवरच आता सारा वाद.

काही मालकांनी मधला मार्ग काढला आहे. क्रमांकाचे इंजिन उतरवून गॅरेजच्या कोपऱ्यात झाकून ठेवायचे आणि त्याच घडणीच्या दुसऱ्या ठोकळ्यावर शर्यत खेळायची. मला हे पटते. पहिला रंग आणि कारखान्यातल्या कामगाराच्या खडूच्या खुणा अजून शाबूत असलेली गाडी मात्र मी पट्टीवर नेऊ देणार नाही; तो रंग पुन्हा देता येईल, त्या खुणा येणार नाहीत. पण नव्याने रंगवलेली, इंजिन बदललेली झेडएल-१ काचेआड उभी दिसली, तर तिच्या मालकाला मी एकच विचारीन: ही शेवटची धावली कधी?