बांधावरून निघालेली आणि सिंगापूरला पोचलेली गाडी



या वेळची नोंद पिकाची नाही, एका गाडीची आहे. १९५५ साली सहा तरुण दोन लँड रोव्हर घेऊन लंडनहून निघाले आणि सिंगापूरला पोचले. युरोपच्या टोकाची समुद्राची पट्टी आणि वाटेतल्या नद्या सोडल्या, तर सगळी वाट जमिनीवरची. ही गोष्ट शेतीच्या पानावर लिहायचं कारण एकच. ही गाडी मुळात शेतकामासाठी बनलेली होती, आणि ती एवढ्या लांब का पोचली याचं उत्तरही मला त्यातच दिसतं.

आधी तिचा जन्म बघू. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्याच्या जुन्या जीप इंग्लंडात स्वस्तात मिळत होत्या. रोव्हर कंपनीचे मुख्य अभियंता मॉरिस विल्क्स यांची वेल्समधल्या अँगलसी बेटावर शेती होती. तिथल्या कामाला त्यांनी अशीच एक विलीस जीप ठेवली होती. ती ओझं न्यायची, ओढायची, चिखलातून निघायची. पण ही मोडल्यावर दुसरी कुठली घ्यायची, हा प्रश्न होता. बाजारात तसं दुसरं काही नव्हतं. मग आपणच बनवावी असं ठरलं. १९४७ मध्ये पहिला नमुना तयार झाला, तोही जीपच्याच चासीवर. त्याचं स्टिअरिंग ट्रॅक्टरसारखं मधोमध होतं. ३० एप्रिल १९४८ ला अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लँड रोव्हर लोकांसमोर आली.

युद्धानंतर इंग्लंडात पोलादाची टंचाई होती, म्हणून बॉडी अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची केली. बॉडीचे पत्रे शक्य तेवढे सपाट ठेवले, म्हणजे महागडे साचे लागू नयेत. आणि आपल्या कामाची गोष्ट म्हणजे या गाडीला पीटीओ जोडता यायचा. गिअरबॉक्सवरून ताकद बाहेर काढायची, पट्टा चढवायचा, की मळणी यंत्र किंवा लाकूड कापायचं करवत चालायचं. आज आपण ट्रॅक्टरकडून जे करून घेतो, त्यातलं बरंच काही ही गाडी उभ्या जागी करून द्यायची. खुद्द जीपचंही तसंच. विलीस कंपनीनं १९४५ मध्ये साध्या लोकांसाठी जी जीप काढली, ती शेतकऱ्यांपुढे शेतीचं अवजार म्हणूनच मांडली. पुढं महिंद्रानं मुंबईत जोडायला घेतलेली जीप त्याच घराण्यातली. आपल्या गावात ज्या जीपनं साखर कारखान्याचे साहेब आले आणि जिच्या पोटी वडापच्या गाड्या निघाल्या, ती या लँड रोव्हरची मावसबहीणच म्हणायची.

आता प्रवास. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज विद्यापीठांतल्या सहा जणांनी हा बेत आखला. रोव्हर कंपनीनं दोन गाड्या वापरायला दिल्या. एक गडद निळी, तिचं नाव ऑक्सफर्ड. दुसरी फिकट निळी, ती केंब्रिज. विद्यापीठांचे रंग तेच. कामं वाटून घेतलेली. हेन्री नॉट मेकॅनिक, पॅट मर्फी वाट काढणारा, नायजेल न्यूबेरी सामानाचा हिशेब ठेवणारा, एड्रियन कॉवेल व्यवहार बघणारा, टिम स्लेसर लिहिणारा आणि अँटनी बॅरिंग्टन ब्राऊन कॅमेरा धरणारा. बियाणं आणि जनुकं यांत काम करणाऱ्या मित्रांसाठी सांगतो, वॉटसन आणि क्रिक डीएनएच्या नमुन्याशेजारी उभे आहेत तो १९५३ चा प्रसिद्ध फोटो याच बॅरिंग्टन ब्राऊन यांनी काढलेला. चित्रीकरणासाठी फिल्म बीबीसीकडून मिळाली. तेव्हा तिथं डेव्हिड अ‍ॅटनबरो नावाचा एक तरुण निर्माता होता, त्यानं ती मिळवून दिली.

१ सप्टेंबर १९५५ ला ते लंडनहून निघाले. युरोप, तुर्कस्तान, पश्चिम आशिया, इराण, पाकिस्तान, भारत, ब्रह्मदेश, थायलंड, मलाया असं करत ६ मार्च १९५६ ला सिंगापूरला पोचले. गाडीचं इंजिन दोन लिटरचं, पेट्रोलवर चालणारं, ताकद साधारण ५२ अश्वशक्ती. आपल्याकडच्या मध्यम ट्रॅक्टरवर लिहिलेला आकडा आठवा, त्याच्याच आसपास. पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर ८६ इंच, म्हणजे सात फुटांहून जरासं जास्त.

या वाटेतला सगळ्यात अवघड तुकडा भारताच्या दारातच होता. आसाममधल्या लेडोपासून पांगसाऊ खिंड ओलांडून ब्रह्मदेशात उतरणारा रस्ता. चीनला रसद पोचवायला अमेरिकन सैन्याच्या अभियंत्यांनी १९४२ पासून तो डोंगर फोडून बांधला. आपल्याकडचे हजारो मजूर त्यावर राबले, त्यांत आसामच्या चहामळ्यांतलेही होते. हजारावर अमेरिकन माणसं त्या कामावर गेली. फेब्रुवारी १९४५ मध्ये पहिला ताफा चीनमधल्या कुनमिंगला पोचला, आणि त्याच वर्षी युद्ध संपलं. रस्त्याचं काम संपलं, तशी त्याची देखभालही संपली. दहा वर्षांत जंगलानं तो परत घेतला. पूल वाहून गेले, कडे घसरले.

पाणंद रस्त्यासाठी भांडणाऱ्या माणसाला हे नवीन वाटणार नाही. मुरूम कितीही टाका, बाजूची चर आणि मोरी नसली की पाणी रस्त्यावरच थांबतं. पाणी थांबलं की तळ सैल होतो, आणि एका पावसाळ्यात परत पहिल्यासारखा चिखल. लेडोचा रस्ता जगातल्या मोठ्या पावसाच्या पट्ट्यातला. तिथं हेच मोठ्या प्रमाणावर झालं.

मग ही पोरं तिथून निघाली कशी? मला वाटतं अर्ध उत्तर त्यांच्या तारखांत आहे. सप्टेंबरमध्ये लंडन सोडलं, म्हणजे लेडोला पोचेपर्यंत पाऊस सरून हिवाळा आलेला. नद्या उतरलेल्या, वाट वाळलेली. आपण पेरणीला किंवा नांगरटीला वाफसा बघतो, तसा त्यांना रस्त्याचा वाफसा मिळाला. तीच गाडी, तीच माणसं जुलैत तिथं गेली असती, तर लेडोवरून परत फिरली असती असं माझं मत आहे.

उरलेलं अर्ध उत्तर गाडीत आहे. चारही चाकांना ताकद आणि खालचे वेगळे गिअर, म्हणजे चाक हळू फिरतं पण जोर कितीतरी वाढतो. चिखलात वेग उपयोगाचा नसतो, संथ जोर लागतो. काळ्या रानात ट्रॅक्टर चालवणाऱ्याला हे पायाला कळतं. एक्सिलेटर जोरात दाबला की टायरच्या खाचा मातीनं भरतात, टायर गुळगुळीत होतो आणि जागच्या जागी फिरून खड्डा करतो. हवा थोडी कमी केली की टायर जमिनीवर जास्त पसरतो आणि पकड येते. मात्र पक्क्या रस्त्यावर आल्यावर हवा परत भरायची, नाहीतर टायर तापून फाटतो.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ती गाडी उघडता यायची. पाट्यांची स्प्रिंग, कार्बुरेटरचं इंजिन, नटबोल्टनं जोडलेली बॉडी. सहा महिन्यांच्या वाटेवर कंपनीचं वर्कशॉप मिळेलच याचा भरवसा नव्हता, पण लोहार सगळीकडे होता. सोबत एक जाणकार माणूस आणि हत्यारांची पेटी असली, की बराचसा बिघाड रस्त्याकडेला निघू शकत होता. शेतकऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या यंत्रात हा गुण आपोआप येतो, कारण शेतात बिघाड झाला तर मिस्त्री दोन कोसांवर असतो आणि काम आजच उरकायचं असतं.

पुढं काय झालं तेही सांगतो. स्लेसर यांनी या प्रवासावर लिहिलेलं पुस्तक १९५७ मध्ये आलं. केंब्रिज नंतरच्या एका मोहिमेत इराणमध्ये दरीत कोसळून संपली. ऑक्सफर्ड पक्ष्यांच्या अभ्यासासाठी अटलांटिक महासागरातल्या असेन्शन बेटावर गेली, आणि तिथून सेंट हेलेना बेटावर. अनेक वर्षांनी ती तिथून परत इंग्लंडात आणून दुरुस्त केली. ऑगस्ट २०१९ मध्ये हीच गाडी सिंगापूरहून उलटी निघाली आणि नेपाळ, तिबेट, मध्य आशिया करत डिसेंबरमध्ये लंडनला पोचली. ८७ वर्षांचे टिम स्लेसर बरोबर येणार होते, पण सिंगापूरला आजारी पडले. मग त्यांच्या जागी त्यांचा नातू बसला. आजोबांनी हाकललेलं अवजार चौसष्ट वर्षांनी नातवाच्या हाती चालतं, असं आता किती यंत्रांबद्दल म्हणता येईल?

जुनं तेच सोनं असं मी म्हणत नाही. नव्या गाड्यांचे ब्रेक चांगले, धूर कमी, तेल कमी. त्या जुन्या गाडीतून घरच्या माणसांना घेऊन हायवेवर जाताना माझ्या पोटात गोळाच येईल. पण नवं यंत्र घेताना आपण अश्वशक्ती विचारतो, हप्ता विचारतो आणि एक प्रश्न विसरतो. हे बंद पडलं तर उघडणार कोण? सेन्सर गेला, स्क्रीनवर लाल दिवा लागला आणि कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन तीन दिवसांनी येणार असेल, तर तोडणीला आलेला ऊस किंवा पावसाच्या तोंडावरचं सोयाबीन तीन दिवस थांबणार आहे का? हा प्रश्न सही करायच्या आधी शोरूममध्ये विचारा. सुटे भाग तालुक्याला मिळतात का, आपला मिस्त्री कशाला हात लावू शकतो, हे लिहून घ्या.

आणि कुणाला जुनी जीप घेऊन लांब जायची हौस असेल, तर आधी एवढं बघा:

चासी हातोडीनं ठोकून पाहा. खणखणीत आवाज हवा, बद्द नको. बंद चासीच्या आत चिखल साठून ती आतून सडते. बाहेरचा रंग बघून ते कळत नाही. खताची पोती वाहिलेल्या गाडीत तर खास बघा, खत लोखंड लवकर खातं.

खालचे गिअर आणि चारही चाकांची ताकद चालू होते का, ते शेतात चालवून बघा. रस्त्यावर कळणार नाही.

पाटे, स्टिअरिंगमधला सैलपणा, रेडिएटर, ब्रेकच्या नळ्या, सगळं आपल्या मिस्त्रीच्या नजरेखालून घाला.

गाडी पंधरा वर्षांवरची असेल, तर नोंदणीचं नूतनीकरण झालंय का ते कागदावर बघा.

आणि निघायची तारीख पावसाकडे बघून ठरवा.

राम राम.