दुभाषी कोणाचा?
सोळाव्या शतकात इस्तंबूलमधल्या व्हेनिसच्या वकिलाला दुभाष्यांची वाण नव्हती. पेरा वस्तीतल्या लॅटिन ख्रिस्ती घराण्यांत तुर्की आणि इटालियन पिढ्यान्‌पिढ्या बोलली जाई. बाहेरून माणूस आणण्याची गरजच नव्हती. तरीही १५५१ साली व्हेनिसच्या सिनेटने आपल्याकडचे तरुण इस्तंबूलला ठेवून त्यांना तुर्की शिकवण्याचे ठरवले. त्यांचे राहणे, शिक्षक, वर्षानुवर्षांचा खर्च, सारे सरकारच्या माथी आले. व्हेनिस हे व्यापाऱ्यांचे राज्य. काटकसर त्याला कोणी शिकवायला नको होती. पण स्थानिक दुभाषी सुलतानाची प्रजा होता. वजिरासमोर कडक निरोप सांगताना त्याची जीभ कचरणार, धारदार शब्द तो बोथट करणार, कारण त्याचे घरदार आणि मुलेबाळे त्याच वजिराच्या हाती होती. ही भीती पोकळ नव्हती. तुर्कांशी चाललेल्या क्रीटच्या युद्धात, १६४९ साली, व्हेनिसचा मुख्य दुभाषी जोव्हानी आंतोनियो ग्रिल्लो याला गळा आवळून ठार करण्यात आले.

ही योजना फारशी फळली नाही, असा आक्षेप घेता येईल, आणि तो खरा आहे. अनेक तरुणांना तुर्की नीट आलीच नाही आणि व्हेनिसला पेरातल्या घराण्यांवाचून शेवटपर्यंत भागवता आले नाही. पण म्हणून मूळ विचार चुकीचा ठरत नाही. १६६९ मध्ये मंत्री कोल्बेरच्या पुढाकाराने फ्रान्सने आणि १७५४ मध्ये मारिया तेरेसाच्या कारकिर्दीत ऑस्ट्रियाने तीच वाट धरली. मराठेशाहीतला पारसनीसही फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा नेमलेला अधिकारी होता, कामापुरता धरलेला माणूस नव्हे. भाषा येणारा माणूस स्वस्तात मिळू शकतो. तो कोणाला बांधील आहे, त्याचे काम कोण तपासणार आणि चूक झाली तर जबाबदार कोण, हे मात्र दरपत्रकात लिहिलेले नसते. आज करार किंवा औषधांची माहितीपत्रके भाषांतराला देताना केवळ सर्वांत कमी दराची निविदा निवडणारी संस्था हे तीन प्रश्न विचारायचेच सोडून देते.

हे प्रश्न न विचारण्याची किंमत खुद्द सुलतानालाही मोजावी लागली. १६६१ मध्ये पानायोतिस निकुसिओसची नेमणूक झाल्यापासून दरबारच्या मुख्य दुभाष्याचे पद ग्रीकांकडे होते, आणि पुढे ते इस्तंबूलच्या फनार वस्तीतल्या मोजक्या घराण्यांतच फिरत राहिले. युरोपशी होणारा सारा व्यवहार त्यांच्या हातून जाई. १८२१ मध्ये ग्रीकांचा उठाव झाला, मुख्य दुभाषी कोन्स्तांतिनोस मुरुझिस याला देहदंड मिळाला, आणि त्या कामासाठी भरवशाचा माणूस दरबाराला चटकन सापडेना. तेव्हा कुठे सरकारने स्वतःचे भाषांतर कार्यालय उभारले. पुढे साम्राज्याचे मुख्य वजीर झालेले आली पाशा आणि फुआद पाशा हे दोघेही त्याच कार्यालयातून वर आले.