ओळखीचे तुकडे

पलूस तालुक्यातील कुंडल हे गाव साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या इतिहासात वारंवार भेटते. १९४२च्या आंदोलनानंतर क्रांतिसिंह नाना पाटील, कुंडलचेच जी. डी. बापू लाड, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी यांसारखे कार्यकर्ते भूमिगत राहिले. तुफान सेना उभी राहिली. जून १९४३मध्ये शेणोलीजवळ पगाराची रेल्वे लुटली गेली. या शौर्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांला विचारावयाचा आहे तो प्रश्न साधाच आहे : ज्यांना गावोगाव लोक ओळखत होते, ते सरकारला इतका काळ सापडले नाहीत ते कसे?

त्यांची ओळख लपलेली नव्हती, ती विखुरलेली होती, असे आम्हांस वाटते. वेष बदले, मुक्काम बदले. ज्याला जेवढे ठाऊक तेवढेच त्याच्यापाशी राही. त्यातच कुंडल औंध संस्थानात होते. या संस्थानाची ७२ गावे सलग नव्हती, ब्रिटिश मुलखात ती विखुरलेली होती. शिवार ओलांडले की अंमल बदले, दप्तरही बदले. माहितीचे तुकडे अनेकांकडे होते. ते एकत्र मांडणारा हात मात्र सरकारला मिळत नव्हता.

या मौनाला केवळ प्रेमाचे श्रेय देणे मात्र इतिहासाशी प्रामाणिक ठरणार नाही. फितुरांना तळपायांवर फटके बसत. ‘पत्री सरकार’ हे नाव त्या शिक्षेशीच जोडले जाते. आणि माणूस हाती लागला नाही, तरी त्याची नाती हाती लागत होती. नाना पाटलांच्या घरादारावर जप्ती आली. नाव बदलता येते, सोयरीक बदलता येत नाही.

आजच्या समाजमाध्यमांचा पेच नेमका इथेच आहे. एका ठिकाणी खरे नाव, दुसऱ्या ठिकाणी टोपणनाव घेऊन आपण निश्चिंत होतो. परंतु अरविंद नारायणन आणि विताली श्मातिकोव्ह या संशोधकांनी २००९मध्येच दाखवून दिले, की ट्विटर आणि फ्लिकर या दोन्हींवर खाते असणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोक, नावे काढून टाकल्यावरही, केवळ त्यांच्या संबंधांच्या जाळ्यावरून ओळखता येतात. कोण कोणाशी जोडलेला आहे, एवढे कळणे पुरेसे ठरते. जुन्या फौजदाराला त्यासाठी गावोगाव माणसे पेरावी लागत. आता आपली सोयरीक आपणच नोंदवून ठेवतो.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्या हक्काचा अर्थ ‘लपविण्याची मुभा’ एवढाच घेतला, तर तो अपुरा राहील. आपल्या आयुष्याचे तुकडे कोणी, कशासाठी जुळवावेत, यावर आपलाही अधिकार असणे हा त्याचा गाभा आहे. भूमिगतांना अनेक दप्तरांमधली फट उपयोगी पडली. ती फट बुजवण्याआधी, उद्या तिची गरज कोणाला लागेल, हे आपण एकदा स्वतःला विचारावयास हवे.